दुसरी झेरॉक्स

छावणीतल्या त्या झेरॉक्सवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. दुबईच्या नोकरीसाठी एजंटानं दिलेला व्हिसा मी त्याच्यापुढं ठेवला. एजंट बाहेर गाडी चालू ठेवून उभा होता. छापण्याआधी प्रत्येक कागद ओळीवर बोट ठेवून वाचायची झेरॉक्सवाल्याला सवय होती. बोट एका ओळीवर थांबलं.

"भाई, हा फिरायचा व्हिसा हाय, कामाचा नाय," मान वर न करता तो पुटपुटला.

मी एकच प्रत मागितली होती, त्यानं दोन काढल्या.

"एक पोलिसांत द्या."

बाहेर हॉर्न वाजला. मी दोन्ही प्रती उचलल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी बी असाच गेलो होतो. तिथं उतरताच एजंटाच्या माणसांनी सगळे कागद काढून घेतले. परत आल्यावर तक्रार द्यायला माझ्याकडं झेरॉक्स बी नव्हती."

आणि त्यानं दुकानाचं मागचं दार उघडलं.