गोंगाटात झोपणारे आमदार

झोप लागायला गोंगाट लागतो असा माणूस माझ्या उभ्या आयुष्यात मी एकच पाहिला, आणि त्यालाच आमच्या मतदारांनी विधानसभेत पाठवलं, यात मतदारांची मोठी समज दिसते असं माझं मत आहे. भिवंडीतल्या ज्या शाळेत मी गणित शिकवलं, तिच्या मागच्या भिंतीला लागून या गृहस्थांचा चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. गल्लीत असे आणखी दहा-बारा कारखाने आणि तितकेच मालक. पण नुसतं ‘शेठ’ म्हटलं की ते हेच. दुपारी जेवण झालं की शेठ कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून डोळे मिटत. आत लूम असे धडधडत की खुर्चीचे पाय तसूतसूने सरकत, आणि तासाभरात शेठ गटाराच्या काठाशी पोचलेले असत. त्यांना जाग येई ती फक्त वीज गेल्यावर. मग “कोण आहे?” असं विचारत ते दचकून उठत. शांतता म्हणजे कुणीतरी न विचारता घरात शिरलेला परका माणूस, असा त्यांचा चेहरा होई.

आमदार होऊन ते पहिल्यांदा नागपूरच्या अधिवेशनाला गेले तेव्हा आमदार निवासातल्या निवांत खोलीत चार दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी भाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, टेपरेकॉर्डर कारखान्यात ठेवला, कॅसेटच्या दोन्ही बाजू लूमच्या आवाजाने भरल्या आणि एका कार्यकर्त्याच्या हाती ती पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी शेठचा ट्रंक कॉल आला. भाभींना वाटलं, आभार मानतील. शेठ म्हणाले, “सात नंबरचा लूम अडखळतोय. जॉबरला बोलो, धोटा बघ म्हणावं.” शेजारच्या खोलीतल्या आमदारांनी या आवाजाची तक्रार केली. चौकशीला आलेल्या कारकुनाला शेठनी सांगितलं, “भाऊ, हा माझ्या मतदारसंघाचा आवाज आहे. तोच इथे आणायला लोकांनी मला पाठवलाय.” त्या अधिवेशनात शेठ एवढं एकच वाक्य मुद्द्याचं बोलले, असं त्यांचे विरोधक म्हणत.

राजकारणात ते आले तेही विजेपायी. एकदा दुपारची वीज सलग आठवडाभर गेली आणि झोपेवाचून हैराण झालेले शेठ वीज कचेरीत भांडायला गेले. लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. “मास्तर, कानात सांगतो,” म्हणून त्यांनी सांगितलेली गुपितं तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जात. कचेरीत ते साहेबाशी आपल्या मते खासगीत बोलत होते. बाहेर पाचशे माणसं जमली. पुढे काय झालं ते शेठनाही नीट आठवत नसे, पण पुढच्या निवडणुकीत ते नगरसेवक होते आणि त्याच्या पुढच्या निवडणुकीत आमदार.

धंदा मात्र हातातून सुटला नाही. सूत मोजायचं भिंग कायम खिशात असे. सत्काराची शाल खांद्यावर पडली की बाकीचे पुढारी डोळे मिटून कृतार्थ होतात, शेठ शाल काढत, उलटी करत, उजेडाकडे धरत, भिंग लावून धागे मोजत आणि समोरच्या माइकवरून जाहीर करत, “बाणा विरळ आहे, आडवे धागे कमी भरलेत. दुकानदाराने फसवलं तुम्हाला.” असे सत्कार दोन-चार झाल्यावर संयोजक त्यांना नारळ देऊ लागले. उद्घाटनांची कथा आणखी वेगळी. चांगल्या कापडाला विनाकारण कात्री लावायची नाही, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. अकलोलीला एस.टी.च्या थांब्याचं उद्घाटन होतं. शेठनी कात्रीचं तबक बाजूला केलं आणि फितीची गाठ सोडायला बसले. गाठ कुण्या उत्साही ग्रामसेवकाने मारली होती, ती सुटेना. बँडवाल्यांनी तीच धून चौथ्यांदा वाजवली, एक एस.टी. येऊन उद्घाटनाविनाच माणसं उतरवून गेली. अखेर गाठ सुटली, तेव्हा शेठनी फितीची नीट घडी घालून ती ग्रामसेवकाला दिली. “पुढच्या वेळी कामाला येईल,” ते म्हणाले.

मला त्यांच्या या सगळ्या कारभाराचं हसू येई. आमदारांविषयी फार आदर बाळगावा असा माझा अनुभवही नव्हता. पण दहावीच्या परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेला मिळालं ते त्यांच्यामुळे, हे मला नाकारता येत नाही. त्याआधी पेपर द्यायला मुलांना कल्याणला जावं लागे. मुलगे जात. मुलींच्या घरचे म्हणत, “इतक्या लांब कशाला?” आणि नववीनंतर मुलींची बाकं रिकामी होत. केंद्र आलं त्या वर्षी मुलींची एक अख्खी रांग परीक्षेला बसली. मात्र मागच्या भिंतीपलीकडे सगळी गल्ली धडधडत होती, टेबलावरच्या पट्ट्या आपोआप सरकत होत्या. बोर्डाचे अधिकारी आले, कानावर हात ठेवून वर्गांतून फिरले आणि जाताना म्हणाले, “पुढच्या वर्षी पुन्हा येईन. हा आवाज असाच असेल तर केंद्र बंद.”

पुढच्या वर्षी नेमक्या परीक्षेच्या तोंडावर निवडणुका आल्या. शेठ प्रचाराला निघत ते मतांआधी कारखाने बंद ठेवण्याचीच गोष्ट काढत. पेपरांच्या दिवशी अकरा ते दोन सगळे लूम बंद. कार्यकर्ते विनवत, “शेठ, हे निवडणूक झाल्यावर बोला.” भिवंडीत चालू लूम बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे शेठना कुणी समजवायला नको होतं. मालकांनी तोंडावर होकार दिला आणि मतं दुसरीकडे दिली. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी निकाल लागला. शेठ पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोर्डाचे अधिकारी मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले होते आणि गल्ली जोरात चालू होती. बाहेर पाहतो तर शेठ पांढऱ्या सदऱ्यात हात जोडून एकेका कारखान्याच्या दारात उभे. मुख्याध्यापकांनी मला त्यांच्याबरोबर धाडलं. मालक ओशाळून हसत, “बघतो” म्हणत आणि आत जात. कोपऱ्यावरचा सर्वांत मोठा कारखाना ज्यांचा, त्यांनी शेठविरुद्ध उघड प्रचार केला होता. ते दारातच उभे होते.

“शेठ, इलेक्शन संपलं. आता कशाला हात जोडता?”

“मत मागायला नाही आलो. ते दिलंत तुम्ही, ज्याला द्यायचं त्याला. मी स्विच मागायला आलोय. अकरा ते दोन.”

“शब्द आमदाराला दिला होता. आमदार आता दुसरा.”

“त्याला आणतो बोलवून. पण तो हार घालून घेतोय अजून, आणि पेपर अकराला आहे.”

आत लूम दुरुस्त करणारा जॉबर हसला. मालकांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि शेठना विचारलं, “तुमचे लूम बंद केलेत का?”

“साडेनऊलाच. ऐका ना.”

“या आवाजात ऐकू काय येणार?”

“तेच तर,” शेठ म्हणाले. “पोरींचंही तेच म्हणणं आहे.”

मालक आत गेले. मला परत पळावं लागलं. घंटा झाली, मी प्रश्नपत्रिका वाटल्या. भिंत थरथरतच होती. अधिकारी दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी वही उघडली. मग डावीकडचा एक कारखाना थांबला. मग त्याच्या पलीकडचे दोन. आवाजात भोकं पडत गेली, आणि सर्वांत शेवटी, अकरा वाजून सात मिनिटांनी, कोपऱ्यावरचा मोठा कारखाना धापा टाकत बंद पडला. मुलींनी चमकून वर पाहिलं. वर्गात पंखा कुरकुरतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अधिकाऱ्यांनी वही मिटली.

शेठ पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. केंद्र मात्र राहिलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शाळा मानकोलीच्या रस्त्याला नव्या इमारतीत गेली आणि मीही निवृत्त झालो. एकदा मार्च महिन्यात, साडेअकराच्या सुमारास, सहज म्हणून त्या गल्लीत शिरलो. एकही लूम चालू नव्हता. कामगार पायऱ्यांवर चहा पीत हळू आवाजात बोलत होते. कोपऱ्यावरचे मालक आता पिकले होते, त्यांना विचारलं, “लाइट गेली का?”

“नाही मास्तर. दहावीचा पेपर आहे.”

“पण शाळा तर इथून गेली.”

“ते शेठना कोण सांगणार? शाळा गेल्यावरही दर वर्षी यायचे स्विच मागायला. आम्ही आपला देत होतो.” त्यांनी चहाचा कप पायरीवर ठेवला. “मागच्या पावसाळ्यात गेले ते. आता मागायला कुणी येत नाही, तेव्हा न मागता द्यावा लागतो.”