राणीचे सर

“तवा बघत कोण होतं?” आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना कुठलीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न हा. तुळजापूरला कुणी देवीला सोन्याचा हार घातला, पुढाऱ्यानं पंगतीत स्वतः पाणी वाढलं, शिपायानं प्राचार्यांना उलट उत्तर दिलं, काहीही असो. सर चष्मा कपाळावर सरकवणार, सगळं ऐकून घेणार आणि हे विचारणार. बघणारं कुणी असलं की माणूस एक वागतो, नसलं की दुसरं वागतो, आणि या दोन्हींतलं अंतर शोधणं हाच आपला धंदा, असं ते म्हणायचे. सांगणाऱ्याचा उत्साह मावळायचा तो वेगळाच.

मी त्या कॉलेजात मुख्य लिपिक होतो. सर मला भाऊसाहेब म्हणायचे. कारकुनाला एवढ्या मानानं हाक मारणारी माणसं कॉलेजात फार नव्हती, म्हणून सांगून ठेवतो.

सरांचा विषय राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंड. तिथला समाज, तिथलं राजकारण आणि त्यातही निवडणुका. आमच्या धाराशिवकडं इंग्रजांचं राज्यही धड नव्हतं, निजामाचं होतं. तेव्हा हा माणूस राणीच्या मागं कशाला लागला, हे कुणालाच उमगत नसे. पोरं त्यांना ‘राणीचे सर’ म्हणायची. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारायचंच, राणीची तब्येत काय म्हणते? ती वारली की हो कधीच, असं सर गंभीरपणे सांगायचे आणि पुन्हा पुस्तकात मान घालायचे.

त्यांचे वडील ईट गावाच्या बाजूला मेंढरं राखायचे. घरात कॉलेजाची पायरी चढलेले सर पहिलेच. इंग्लंडातल्या एका लहानशा बाजाराच्या गावावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. तिथं त्या काळी मत गुपचूप देता येत नसे. भर चौकात फळ्यांच्या मांडवावर चढायचं आणि उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं. खाली जमीनमालकाचा कारभारी ऐकत उभा. कुणी कुणाला मत दिलं याच्या छापील याद्यासुद्धा निघायच्या. त्या याद्यांवर सरांनी उमेदीची वर्षं खर्ची घातली. सुट्टी लागली की हैदराबादच्या लायब्ररीत जाऊन बसायचे आणि परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर उतरवून आणायचे. त्या गावातला खाटीक कुणाचा मिंधा होता आणि लोहारानं ऐनवेळी बाजू का बदलली, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या गल्लीत शेजारी कोण राहतो, हे मात्र त्यांना बायकोला विचारावं लागायचं.

परदेशी नियतकालिकांत त्यांचे लेख छापून यायचे. टपाल माझ्या हातून जायचं म्हणून मला ठाऊक. बाकी कॉलेजला त्याचं ना सोयर ना सुतक.

शिकवण्याची तऱ्हाही तशीच. एकदा वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा होता. सरांनी आधी हात वर करायला लावले, तर अख्खा वर्ग एका बड्या बागायतदाराच्या पोराच्या बाजूनं. मग लगेच चिठ्ठ्या टाकायला लावल्या, तर मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी निवडून आली. सर डस्टर उचलून निघून आले. बागायतदार दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना भेटायला आला होता.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना सरांना इंग्लंडहून बोलावणं आलं. तीन महिने तिथं राहायचं, त्याच गावाच्या जुन्या दप्तरात बसून काम करायचं. तीस वर्षं ज्या गावात मनानं वावरले, ते त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, अगदी दाढा दिसेपर्यंत. सोलापूरला जाऊन त्यांनी गरम कोट शिवायला टाकला. फक्त संस्थेची रजा आणि ना-हरकत पत्र हवं होतं. महिन्याभरात ते तिकडं पोचलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. तसा अर्ज मी संस्थेच्या सचिवसाहेबांपुढं ठेवला. साहेब म्हणाले, बघू, निवडणूक उरकू द्या.

नेमकी निवडणुकीची ड्यूटी आम्हा दोघांना एकाच केंद्रावर लागली. सर केंद्राध्यक्ष आणि मी यादी वाचणारा. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. झेडपीच्या शाळेची खोली, खिडकीला पोती लावलेली, कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या आडोशामागं मशीन. उमेदवारांचे प्रतिनिधी बाकावर बसलेले. त्यातला एक आमच्या सचिवसाहेबांचा सख्खा पुतण्या निघाला. उमेदवार त्यांच्याच घरातला होता. मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, ओळखीचा माणूस आहे, चहापाण्याची ददात नाही.

दहाच्या सुमारास म्हाताऱ्या बायका येऊ लागल्या. प्रत्येकीबरोबर एक तरणा. पुतण्या बाकावरूनच सांगायचा, तिला दिसत नाही, सोबतीला आत जाऊ द्या. ज्याला दिसत नाही त्याचं बटण सोबत्यानं दाबावं, असा नियम आहे, आणि एका सोबत्यानं एकाच माणसाला न्यावं असाही आहे. म्हणून पोरगं दर खेपेला नवीन. कागद अगदी चोख. चार बायका अशा गेल्या. सरांनी सोबत्यांच्या चारही अर्जांवर सह्या केल्या, पण प्रत्येक सहीला त्यांचा हात जास्तच रेंगाळत होता.

पाचवी आली तेव्हा सर उठले. मी खालच्या आवाजात म्हणालो, जाऊ द्या सर, एका मतानं काय होतंय. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरच्या डबीतली एक टाचणी उचलली आणि म्हातारीपासून चार हातांवर उभे राहिले.

“मावशी, माझ्या हातात काय हाय?”

पुतण्या तोंड उघडणार, त्याआधीच म्हातारी म्हणाली, “टाचणी हाय की. गंजल्याली.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांनी सोबतीच्या पोराला बाहेर जायला सांगितलं. पोरगं पुतण्याकडं बघत जागेवरच उभं राहिलं. दारातल्या एकुलत्या एक पोलिसानं मान दुसरीकडं वळवली. खिडकीबाहेर पाच-सात जण येऊन उभे राहिले आणि खोलीतला उजेड कमी झाला. मी यादीतच डोकं घालून बसलो.

पुतण्या उठून टेबलापाशी आला. आवाज अजिबात चढवला नाही. “सर, तुमी काकांकडं रजेचा अर्ज दिलाय म्हणं.”

“दिलाय.”

“मंग बगा बरं.”

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. क्षणभर मला वाटलं, आता हे बसतील. खरं सांगतो, बसावेत असंच मला वाटत होतं.

“मावशी,” ते म्हणाले, “तुमाला दिसतंय. तुमी एकट्याच आत जावा.”

म्हातारी पुठ्ठ्यामागं गेली. मशीनचा आवाज काही येईना. बाहेर कुजबुज वाढली. मग आतून तिनं विचारलं, “कंचं दाबू?”

सर तिच्याकडं पाठ करून उभे राहिले होते. “ते मला सांगू नका.”

“मंग कुणाला सांगू?”

“कुणालाच न्हाय.”

“कुणालाच न्हाय?” तिला ते खरंच वाटेना. असं तिला आजवर कुणी सांगितलंच नसावं. किती वेळ गेला कोण जाणे. मग मशीनचा लांबलचक आवाज आला आणि ती पदर सावरत, कुणाकडंही न बघता बाहेर पडली.

पुढं दिवसभर सरांनी प्रत्येकीला टाचणी दाखवली. दोघींना खरोखरच दिसत नव्हतं, त्यांना सोबती दिला. बाकीच्या एकट्या गेल्या. दुपारी आमच्यासाठी येणारं जेवण आलं नाही. सरांनी वरिष्ठांना फोन केला, तर तुमचं तुम्ही बघून घ्या, असं उत्तर मिळालं. संध्याकाळी मशीन सील करेपर्यंत ती पाच-सात माणसं खिडकीवरून हलली नाहीत.

परतीच्या एसटीत मी सरांवर चिडलो. म्हटलं, “म्हातारीनं त्येंच्याच माणसाला मत टाकलं असंल तर? तुमचं इंग्लंड गेलं की फुकट.”

“टाकलं असंल,” सर म्हणाले. “पण तिनं टाकलं.” जरा वेळानं आपणहून बोलले. त्यांच्या आईला म्हणे टेकडीवरच्या मेंढराच्या कानाची खूण घराच्या दारातून ओळखू यायची. मतदानाच्या दिवशी मात्र ती दर वेळी आंधळी ठरायची. लहानपणी ते तिच्याबरोबर जायचे, म्हणून त्यांनी ते पाहिलं होतं. सकाळच्या त्या चार सह्यांचं त्यांना फार लागलं होतं.

उमेदवार निवडून आला, तोही दणक्यात. तिसऱ्या दिवशी सचिवसाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, तो अर्ज खाली ठेवा. खाली म्हणजे कुठं, हे कारकुनाला सांगावं लागत नाही. मी तो माझ्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांखाली ठेवला. माझा मुलगा त्याच संस्थेच्या शाळेत नुकताच चिकटला होता. हे कारण म्हणून सांगतोय. कारण आहे, सबब नाही, असं मी मनाला सांगत आलोय.

सर रोज मधल्या सुट्टीत यायचे. दारातच थांबून विचारायचे, “भाऊसाहेब, सही झाली का?” मी सांगायचो, साहेब पुण्याला गेलेत. साहेबांच्या घरी लग्न आहे. अर्ज वर गेलाय, आज-उद्या येईल. सर मान हलवायचे आणि तुमाला उगीच त्रास, म्हणून जायचे. माझ्या मागं ते कपाट, त्यांच्यापासून सात-आठ पावलांवर. एकदा मी इतका ओशाळलो की अर्ज काढून त्यांच्या हातात द्यावा असं वाटलं. उठलोसुद्धा. मग पाणी पिऊन परत बसलो.

महिना उलटून गेला. इंग्लंडहून आलेली मेल त्यांनी माझ्याच प्रिंटरवर काढून घेतली. जागा दुसऱ्याला दिली होती. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि तासाला गेले. वर्षभरानं निवृत्त झाले. निरोपसमारंभात सचिवसाहेबांनी त्यांना शाल घातली आणि सरांनी ती घेतली.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांची लेक बाहेर आली. मला ओळखत नव्हती. मी नाव सांगितलं तसा तिचा चेहरा एकदम निवळला. तिनं मला आत नेऊन सरांच्या खुर्चीत बसवलं, मी नको नको म्हणत असताना.

“काका, आमचे अण्णा तुमचं नाव सारखं घ्यायचे,” ती म्हणाली. “त्या इंग्लंडच्या अर्जापायी भाऊसाहेबांनी माझ्यासाठी लई धडपड केली म्हणायचे.”

सरांना खरंच तसं वाटत होतं, की सगळं कळूनही ते घरी असं सांगत होते, हे आता मला कुणाला विचारता येणार नाही. तिला खरं सांगायला हवं होतं. ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, “व्हय, पोरी. लई केली.”