अंगणातल्या दोन खुर्च्या

अर्जुनी मोरगावच्या बाजूला मोहनलाल पटल्यांची धानाची शेती. २००९च्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, त्यांची सून रविता पाण्याने भरलेल्या बांधीत उतरली होती. चिखलात पाय रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. लिगामेंट तुटलं होतं. नागपूरला ऑपरेशन झालं. नवरा ओमेश्वर भिलाईला नोकरीला, त्याची रजा लवकरच संपली. मग दवाखान्याच्या चकरा सासऱ्यांनीच केल्या.

पट्टी निघाली तेव्हा रविताला रडूच आलं. मांडी पार वाळून गेली होती. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "लिगामेंट डॉक्टरांनी नीट केलंय. पण मांडीत ताकद आली नाही, तर गुडघा दगा देईल. व्यायाम रोज करायचा."

घरी आल्यावर ती गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबू लागली. मांडी काही आवळेना, जणू ती तिची नव्हतीच. थोड्याच दिवसांत तिने नाद सोडला.

मोहनलाल पाहत होते. पण सुनेशी असल्या गोष्टीवर सासऱ्याने बोलायचं कसं? एका सकाळी त्यांनी अंगणात दोन खुर्च्या ठेवल्या, एकीवर स्वतः बसले, धोतर सावरलं आणि आपलाच पाय समोर सरळ केला.

"ये बेटा. मॅडमनं असंबी करायले सांगतलं होतं ना?"

"मामाजी, तुम्ही कायले करता?"

"तू काऊन नाई करत? मी करून राहिलो, तू पाहून कर."

त्यांचा पाय थरथरत होता, मिशा ताणल्या होत्या. रविता कितीतरी दिवसांनी हसली आणि दुसऱ्या खुर्चीवर बसली.

मग हे रोजचंच झालं. सासूबाई चंद्रावती चहा घेऊन ओसरीत बसायच्या. रस्त्याने जाणारे बकाराम एकदा थांबले.

"काय मोहनलालभाऊ, तुमचंबी ऑपरेशन झालं काय?"

"सुनेचं झालं. मी तिले साथ देऊन राहिलो."

पुढे मॅडमनी घोट्याला वाळूची पिशवी बांधायला सांगितली. मामाजींनीही एक पिशवी शिवून घेतली. हिवाळ्यात मांडीला जरा आकार आला, तशी रविता कुणाला न सांगता तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढली. गुडघा टम्म सुजला. "आता मले नाई होत," म्हणून तिने पिशवी फेकली. मोहनलाल रागावले नाहीत. मॅडमला फोन लावला, बर्फ आणला, सूज उतरेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा खुर्च्या मांडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात नागपूरला तपासणी झाली. मॅडमनी तिचा सरळ उचललेला पाय खाली रेटून पाहिला. तो हलला नाही. दोन्ही मांड्यांची ताकद जवळजवळ सारखी भरली.

"घरी कोणी करून घेतलं?" त्यांनी विचारलं.

"माह्या मामाजीनं," रविता म्हणाली.

परतीच्या एसटीत तिने धीर करून म्हटलं, "मामाजी, माहा बाप असता तर त्यानंबी एवढंच केलं असतं."

मोहनलाल खिडकीकडे वळले. उपरण्याने डोळे पुसले. मग म्हणाले, "तुह्या सासूले सांगू नको. माहेबी गुडघे दुखत होते, तिले कधी सांगतलं नाई. आता लई आराम हाये."