माठाखालच्या स्प्रिंगा

"जरा उतरून घ्या."

स्पीडब्रेकर दिसला की आमचे शेजारी गाडी कडेला घ्यायचे आणि मान खाली घालून एवढंच म्हणायचे. मग मी, आमच्या शाळेतले एक सर आणि एक नर्सबाई असे आम्ही तिघं मुकाट्यानं रस्त्यावर उतरायचो. रिकामी गाडी तिरकी होऊन एकेक चाक वर चढवायची, पोटाखालून खर्रर्र करत पलीकडे उतरायची आणि आम्ही चालत जाऊन पुन्हा तिच्यात बसायचो. शहापूरहून मुरबाडला नोकरीला जायचं आणि रस्त्यावरचे ब्रेकर किती, ते तुम्हीच बघा कधीतरी येऊन.

किन्हवलीच्या नाक्यावर चहा पिणारी माणसं तर आमची वाटच बघत बसायची. "आली, आली, पायी वरात आली!" मला मेलीला धरणी दुभंगेल तर बरं असं व्हायचं. त्या रस्त्यावर माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप असतात हो! त्यात माझा देह भरभक्कम. एकदा सरांचा पाय मुरगळला होता, तेव्हा आमचे शेजारी अगदी काळजीनं म्हणाले, "बाई, सगळ्यांनी कशाला? तुमी एकट्या उतरलात तरी गाडी निघंल."

मुरबाड येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. घरी येऊन सांगितलं तर नवरा पोट धरून हसला, मग त्याच्याशीही बोलले नाही.

पण हा शेजारी माणूस इतका गरीब स्वभावाचा, की त्यांच्यावरचा राग टिकायचा नाही. बुटकासा, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, मुरबाडच्या एका कंपनीत पॅकिंगला. बिल्डिंगची मीटिंग असली की हे दाराशी, चपलांच्या शेजारी बसायचे. कोणी मत विचारलं तर "तुमी ठरवाल ते" म्हणायचे. अशा माणसानं जुनी का होईना गाडी घेतली आणि ती मुद्दाम बुटकी करून घेतली, याचं आम्हाला सगळ्यांना नवल वाटायचं. मला वाटतं, आपल्याकडे एकदा तरी लोकांनी वळून बघावं, एवढंच त्यांच्या मनात असावं. तेवढी हौस तुम्हाआम्हालाही असते.

झालं होतं असं, की कल्याणच्या कोणा ओळखीच्या माणसाची गाडी भंगारात निघाली. तिला बाहेरून आणून बसवलेल्या लाल रंगाच्या आखूड स्प्रिंगा होत्या, गाडी जमिनीला टेकवणाऱ्या. त्या यांनी उचलून आणल्या आणि आपल्या गाडीच्या कंपनीच्याच जुन्या शॉकअपवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांवर, चढवायला लावल्या. गॅरेजवाला नको नको म्हणत होता. "अहो, शॉकअप उंच स्प्रिंगेसाठी बनवलेला असतो. आखूड स्प्रिंग टाकली तर त्याला हलायला जागा नाय उरत. आपटून आपटून तेल सोडंल तो."

"सवय होईल," हे म्हणाले.

हे त्यांचं दुसरं वाक्य. कंबर दुखते म्हटलं की "सवय होईल." डोकं टपाला आपटलं की "सवय होईल, बाई."

मूळच्या उंच स्प्रिंगा निघाल्या, त्या ते डोळखांबच्या वर, आपल्या पाड्यावर वडिलांना देऊन आले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "बाबा, हे कंपनीचं लोखंड. मला आता याची गरज नाय." पाड्यावर कुठलीच वस्तू वाया जात नाही. म्हाताऱ्यानं चारही स्प्रिंगा पडवीत अर्ध्या अर्ध्या पुरल्या आणि त्यांच्यावर पाण्याचे माठ ठेवले. गोल बुडाचा माठ त्यांवर छान बसला म्हणे. हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं.

वडिलांची एकच इच्छा होती. मुलाची गाडी घराच्या अंगणात यावी आणि सगळ्या पाड्यादेखत आपण तिच्यात बसावं. दुसरं त्यांनी मुलाकडे कधी काही मागितलं नाही.

दिवाळीत हे गाडी घेऊन गेले. पाड्याच्या चढावर गाडीचं पोट दगडावर टेकलं आणि चाकं नुसती फिरायला लागली. भात झोडणारी माणसं हातातलं काम टाकून आली आणि त्यांनी गाडी उचलून पुन्हा खाली रस्त्यावर नेऊन ठेवली. अंगणाच्या टोकाला नवीन टोपी घालून उभ्या असलेल्या वडिलांनी ते सगळं पाहिलं. हे वर गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गाडी पोरांनी उचलली का रे? मंग बस जरा, च्या पी."

ही गोष्ट आम्हाला सांगताना मात्र आमचे शेजारी हसले नाहीत. काचेबाहेर बघत होते. सर काहीतरी टोमणा मारणार होते, मी त्यांना कोपर मारलं.

उन्हाळ्यात वडिलांना दम लागला. पाड्यावरच्या चौघांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून चढ उतरवला. खाली रस्त्यावर आमच्या शेजाऱ्यांची गाडी उभी होती. तिच्यात म्हाताऱ्याला बसवायचं म्हणजे जमिनीवर बसवल्यासारखंच, त्यांचे गुडघे वाकेनात. कसंबसं मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी शहापूरच्या दवाखान्याकडे निघाली.

चौथ्या दिवशी हे कामावर निघाले. आम्ही नेहमीसारखे गाडीत बसलो. पहिला ब्रेकर आला, यांनी गाडी थांबवली, पण बोलेनात. स्टिअरिंगवर हात तसेच. आम्ही आपणहून उतरायला लागलो तसे म्हणाले, "बाई, बाबांना कसं म्हणनार हो, उतरून घ्या?"

कोणाच्यानं दार उघडवेना.

"परत्येक ब्रेकरला गाडी आपटायची. शॉकअप तर कधीच मेलेत. गाडी आपटली का मागून बाबा 'आई गं' करायचे. मी हळू घेतली तर उशीर होतोय, जोरात घेतली तर त्यांना लागतंय. शेवटी तेच म्हनाले, 'सवय होईल रे पोरा, तू चालव.'"

आपलंच वाक्य बापाच्या तोंडून, तेही अशा वेळी! त्यानंतर त्यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

म्हातारा त्यातून उठला, देवाची कृपा. पण घरी जायच्या दिवशी गाडीत बसेना. "मी आपला जीपनं जातो," म्हणाला. स्टँडवरून डोळखांबची जीप भरली, तिच्यात म्हातारा दाटीवाटीनं बसला आणि मागून आमचे शेजारी रिकामी गाडी घेऊन निघाले. मी तेव्हा भाजी घेत होते. दोन्ही गाड्या माझ्यासमोरून गेल्या. मी हात करणार होते, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि पाठ फिरवून भेंड्या निवडत राहिले. माणसाला लाज वाटत असताना आपण दिसू नये, एवढं मला कळतं.

ती लाज पुढे त्यांच्या अंगात मुरलीच. गाडी पुन्हा उंच करायची होती, पण मूळच्या स्प्रिंगा वडिलांच्या माठांखाली. आपणच ऐटीत दिलेली वस्तू परत मागायची कशी? नर्सबाई म्हणाल्या, "अहो, बापच आहे ना? मागा की!" हे म्हणाले, "तेच तर."

एका बाजारच्या दिवशी मी जिन्यात कुलूप लावत होते, तर खालून कोणीतरी धापा टाकत येतंय. बघते तो म्हातारा! खांद्यावर गोणपाट. ते जड गाठोडं घेऊन एसटीनं एकटाच आला होता. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो बाय, मळंल तुजं लुगडं."

शेजाऱ्यांनी दार उघडलं. म्हाताऱ्यानं गोणपाट उंबऱ्यात ठेवलं. आतून चारही स्प्रिंगा निघाल्या, खालच्या वेढ्यांना पडवीची माती तशीच चिकटलेली.

"घे तुजं लोखंड."

"बाबा, मी आलो असतो ना न्यायला..."

"कवा? तू नाय मागनार. मला ठावं हाय."

"आणि माठ?"

"पेंढ्याच्या चुंबळी वळल्यात. झ्याक बसलेत. आता गाडी अंगणात आन. तवा बसंन."

आमचे शेजारी भर दारात खाली बसले आणि त्या स्प्रिंगांवरची माती नखानं खरवडू लागले. वर बघेचनात. म्हातारा चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीला गेला.

गाडीला नवे शॉकअप आले, जुन्या उंच स्प्रिंगा चढल्या. पण तोवर पाऊस लागला होता आणि पाड्याचा चढ म्हणजे गुडघाभर चिखल. "भातं कापली का नेतो," ते रोज म्हणायचे. दारापुढे उंच उभ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात दाबून बघायचे, गाडी दबायची, वर यायची आणि शांत राहायची. भातं पोटरीत होती, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, तेव्हा म्हातारा झोपेतच गेला.

कापणी उरकल्यावर एका रविवारी ते आम्हा तिघांना म्हणाले, "पाड्यावर येता का?" कशाला ते आम्ही विचारलं नाही. चढ आला, आम्ही सवयीनं दारं उघडली. "बसा, बसा," ते म्हणाले. "आता नाय उतरायचं." गाडी कुठेही न घासता वर चढली आणि अंगणात उभी राहिली. ते उतरले, वळसा घालून आले आणि पुढचं डावं दार उघडून, ते धरून उभे राहिले. समोर रिकामी पडवी, चुंबळींवर माठ. आम्ही तिघंही मागे बसलेलो, पुढची सीट त्यांनी रिकामीच ठेवली होती; खाली उतरायची आमची हिंमत होईना. बऱ्याच वेळानं त्यांनी दार अगदी हळू लावलं.

परत येताना आम्ही चौघंही जीपनं आलो.

आता ते मुरबाडला एसटीनं जातात, माझ्या दोन सीट पुढे बसतात. ब्रेकर आला की त्यांची मान खाली जाते. गाडी अजून त्या अंगणातच उभी आहे, कोणी चालवत नाही. तिच्याखाली कोंबड्या बसतात म्हणे. आता तेवढी जागा आहे.