शिवणकाकूंचे कोरे शब्द

गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश शिवणकाकूंच्या हातचे. काकू मापाला पक्क्या आणि बोलायला मोकळ्या. फक्त मुलाचा विषय निघाला की त्या इंग्रजीच्या आडोशाला जात.

मुलगा टेम्पो चालवायचा. एका संध्याकाळी त्याच्या टेम्पोखाली माणूस गेला आणि हा पळून घरी आला. त्याच्या सुतार वडिलांनी त्याला पाणी पाजलं, दंडाला धरलं आणि स्वतः चौकीवर नेऊन उभं केलं. त्यानंतर त्यांनी लेकाचं नाव टाकलं. भेटीलाही कधी गेले नाहीत.

वकिलाकडे खेटे घालता घालता काकूंना शब्द मिळत गेले. आधी कस्टडी, मग रिमांड, मग अंडरट्रायल. ‘जेल’ मात्र त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. तोही इंग्रजीच, पण घरोघर शिरलेला. पोरं खेळतानासुद्धा एकमेकांना जेलमध्ये टाकतात. काकूंना कोरे शब्द हवे होते, कोणाच्या घरचा वास न लागलेले.

शिक्षा झाली त्या दिवशी वकील म्हणाले, “रिगरस इम्प्रिझनमेंट, मावशी. म्हणजे...”

“मराठीत नका सांगू. इंग्रजीतच असू दे.”

शेजारीण खवचट. “काय हो काकू, लेक दिसत नाही बरेच दिवस?”

“डिटेन्शनला आहे.”

“अगंबाई, परदेशी का?”

“लांब आहे,” म्हणत काकूंनी दाताने दोरा तोडला. सगळ्या गल्लीने पेपर वाचला होता. तरी असा एखादा शब्द मध्ये धरला की दोघींना एकमेकींच्या तोंडाकडे बघता यायचं.

घरात मात्र त्याच शब्दांची भिंत झाली. जन्मभर लाकडाचा भुसा छातीत गेलेला. वडिलांनी अंथरूण धरलं, डॉक्टरांनी हात टेकले. आता काकूंचं मागणं एकच होतं. बाप-लेकांनी एकदा तरी बोलावं. त्यांनी अर्ज केला, वकिलाचा उंबरठा झिजवला.

“अहो, पॅरोल मिळालाय त्याला.”

“काय असतं ते?”

“सुट्टीच म्हणा.”

वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुलगा आला आणि दाराशी उभाच राहिला.

“ये की रे. दार उघडंच आहे.”

“कोणी सांगितल्याशिवाय पाय उचलत नाही आता, आई.”

तो वडिलांना पेज भरवी, त्यांची कूस बदली, पाय चेपी. वडील सगळं करून घेत, पण बोलत नसत. परत जायच्या दिवशी दुपारी काकू मशीनवर बसल्या होत्या. काहीतरी बोलणं निघावं म्हणून म्हणाल्या, “कस्टडीत जेवण बरं असतं म्हणतो हा.”

“कस्टडी काय लावलंयस?” वडील हळूच म्हणाले. “तुरुंग म्हण. मी घातलंय त्याला तिथे. मला ऐकू दे.”

काकूंचा पाय मशीनवर थबकला.

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. “तुरुंगात झोपायला जागा असते का रे?”

“एका कुशीवर मावतो, बाबा. कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं.”

वडील खाटेची कड धरून, धापा टाकत, भिंतीकडे सरकले. खाट त्यांनीच केलेली, ऐसपैस. “ये. पड इथे. पाठ टेक जरा.”

मुलगा उताणा पडला. काकूंनी सुईखालचं कापड काढून घेतलं आणि मशीन रिकामंच चालवत राहिल्या, कोणाचं रडणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

तो परत गेला आणि त्याच आठवड्यात वडील गेले. लेकाला शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही; पुन्हा सोडता येत नाही, असं उत्तर आलं.

काही दिवसांनी एक नवी बाई माप द्यायला आली. बोलता बोलता तिने सहज विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“मी आणि मुलगा,” काकू म्हणाल्या. “तो तुरुंगात आहे.”

काकूंनी पट्टी तिच्या खांद्यावर तशीच धरून ठेवली होती. माप घ्यायचं राहूनच गेलं होतं.