बाबा फोमवर झोपायचे

आमच्या बाबांचं अकोल्यात गादीचं दुकान. अर्धा जिल्हा त्यांच्या टाक्यांवर झोपतो आणि उरलेला अर्धा रात्रभर तळमळतो, असं मी आजही छातीठोक सांगतो. खोटं वाटत असेल तर तेल्हाऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला विचारा. गडी आमच्या गादीवर दसऱ्याला झोपला तो संक्रांतीला उठला. मधल्या काळात शेतातला सगळा कापूस बायकोने वेचला.

असा हा माणूस स्वतः मात्र दिवसा कधी आडवा झाला नाही. सकाळी रुई पिंजायच्या मशीनपाशी, दुपारी हातात दाभण, म्हणजे गादी शिवायची ती वीतभर जाड सुई. भुवयांवर कायम कापूस. मी लहानपणी समजायचो, बाबा जन्मले तेच म्हातारे. मे महिन्यात अकोल्यातले कावळे सावली भाड्याने घेतात, तेव्हासुद्धा बाबा पत्र्याखाली बसून टाके ओढायचे. आई म्हणायची, "घटकाभर पाठ टेका न."

"पाठ टेकवाले लोकं मले पैसे देतात," बाबा म्हणायचे. "मीच टेकवली तं धंदा कोन करन?"

अधूनमधून ते माझ्या धाकट्या बहिणीकडे अमरावतीला जायचे. चार दिवस राहून परत यायचे. तिथेही तिच्या सासरच्या उशा उसवून नीट करत असतील, असंच मी धरून चाललो होतो. करणार काय, स्वभाव!

मग बाबा गेले. तेरवी झाली आणि बहिणीला तिच्या घरी सोडायला मी अमरावतीला गेलो. शेजारच्या काकू भेटायला आल्या. मला तर असं ऐकणारं माणूस समोर पाहिजेच. मी सुरू झालो. बाबांनी एका बैठकीत अख्ख्या वरातीच्या गाद्या कशा शिवल्या, दाभण इतकी चालली की तिचा धूर कसा निघाला, त्या धुराने शेजारचे लोक बादल्या घेऊन कसे धावले.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोन? तुमचे बाबा? मंग इथं येत जाय ते कोन होते बाप्पा? ते तं जेवले का सांजेलोक घोरत राह्यत. आमच्या भितीवरलं घड्याळ हाले! लय सुखाचा जीव. आमच्या ह्याइले मी नेहमी म्हणो, शिका जरा त्याइच्यापासून आराम कराले."

माझ्याच बापाबद्दल माझ्याहून मोठी थाप! मी बहिणीकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणजे खरं होतं.

काकू गेल्या तशी बहीण मला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीजवळ दिवाण. त्यावर शोरूममधून आणलेली फोमची गादी.

"याच्यावर?" मी म्हणालो. "फोमवर?"

"मंग काय झालं?"

काय झालं! मिठाईवाल्याचा बाप चोरून दुसऱ्याच्या दुकानात जिलेबी खातो, असं झालं. माझ्या पोटात जे पेटलं त्यावर पाच-पन्नास रोडगे सहज भाजले असते. मी त्यांच्यासोबत त्याच पत्र्याखाली केस पांढरे केले, आणि त्यांची झोप मिळाली हिला?

"मी विचारलं होतं त्याइले," ती म्हणाली. "म्हटलं बाबा, घरी असे काहून नाही झोपत? तं म्हणे, कापसाच्या गादीवर पडलो का बोटं गाठी शोधतात. कोठी टाका ढिला, कोठी कापूस सरकला. उठाच लागते. ह्या फोममधे माह्या हातानं सुधरन असं काहीच नाही. म्हणून झोप लागते."

दुसरा कोणी शहाणा असता तर हे ऐकून निवला असता. माझा जाळ वाढला. हे इतकं लांबलचक ते हिच्याशी बोलले! मला जन्मभर काय ऐकवलं? "ओढून घे टाका."

मी गादीवर धंद्याच्या सवयीने अंगठा दाबून पाहिला. हलका माल. आमचा कापूस दबला की आम्ही पुन्हा पिंजून फुलवतो, मागचं काही उरत नाही. हा फोम मात्र बसला की बसला. मधोमध खड्डा होता. खांद्यापाशी रुंद, खाली निमुळता, गुडघे दुमडून एका कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा.

"ही गादी मले दे," मी म्हणालो. "तुले दुकानातली सगळ्यात भारी करून देतो. अशी, की जावईबापूले उठवाले बँड लावा लागन."

"नाही देत."

"दुप्पट जाडीची देतो."

"दादा, तुह्या घरात प्रत्येक गादीले बाबाचा टाका हाय. माह्या घरी बाबानं कधी खिळा ठोकला नाही. नळ गळत होता, तं म्हणे बलाव कोनाले तरी. मले त्याइचं कामच पाहाले नाही भेटलं." तिने गादीकडे हात केला. "पाह्य, गादी ने. पन बाबाची दाभण मले दे."

दाभण माझ्या बोटांना बसलेली. रोज सकाळी ती हातात घेतल्याशिवाय माझं दुकान उघडत नाही.

"दाभण नाही देत," मी म्हणालो.

"मंग गादीही नाही."

मी रागाने दिवाणावर बसलो आणि आडवा व्हायला लागलो. ती किंचाळलीच. "उठ! केवढा तू, केवढे बाबा! खड्डा पार मोडून टाकशीन!"

मी उठलो. तिने विस्कटलेली चादर ओढून सारखी केली, कडांनी जोरात हात फिरवला, आणि खड्ड्यापाशी येताच हात हळू केला. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. मी दारात उभा राहून बघत होतो, आणि त्या हाताचाही मला हेवा वाटला. तिला ती चादर रोज घालायला मिळणार होती.