उलटी फिरणारी रिंग

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या फोटोग्राफरला सगळी इमारत ‘हलूनका’ म्हणते. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या माझ्यात, आणि मी म्हटलं की ते नुसते चष्म्यावरून बघतात. पासपोर्टचा फोटो असो की कुणाचं लग्न, “हलू नका!” असं इतकं दरडावून सांगायचे, की एका नवरदेवाने म्हणे फोटो झाल्यावरही बराच वेळ मान वळवली नव्हती. बायकोपुढे मान न हलवायची त्याची पुढची सवय तिथेच लागली असणार.

त्यांची बायको व्हिडिओ काढते. तिला मी व्हिडिओबाई म्हणते. खाली रस्त्याला लागून दोघांचं दुकान. दोन कॅमेरे, एकाच कंपनीचे, आणि लेन्सचा संच दोघांत एक. कार्यक्रम चालू असताना हलूनका न बघता हात मागे करतात, आणि त्यांना कुठली लेन्स हवीय ते ओळखून ती बरोबर तीच हातात ठेवते. मी एकदा घरी करून पाहिलं. हात मागे केला, तर आमचे हे म्हणाले, “काय गं, मुंगी चावली?”

गेल्या वर्षी व्हिडिओबाईचे हात थरथरायला लागले. आधी कप बशीवर वाजायचा, मग किल्ली कुलपाभोवती फिरत राहायची. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाईल असंही सांगून टाकलं. त्या दिवसापासून आमच्या हलूनकांनी ते वाक्यच टाकलं. आता गिऱ्हाइकाला “हं, असंच” म्हणतात. टोपणनाव मात्र तसंच राहिलं.

हातांबरोबर व्हिडिओही हलायला लागला. स्टँड लावून पाहिला, तर दांडीला हात लावल्याबरोबर थरथर तिथेही हजर. शेवटी ते म्हणाले, “मीच दोन्ही काढतो.”

“मग मी काय करू? दारात उभी राहून या-बसा म्हणू?” ती म्हणाली. विषय मिटला.

मग कुठूनसं कळलं, की दुसऱ्या एका कंपनीचा कॅमेरा हाताची थरथर आतल्या आत सावरून घेतो. यांच्या कंपनीच्या कॅमेऱ्यांना ते तितकं जमत नाही. पण जुन्या लेन्स त्या कॅमेऱ्याला बसत नाहीत. कॅमेऱ्यांचा दुकानदार म्हणाला, जुनं सगळं आणून द्या, त्या बदल्यात नवं सगळं घेऊन जा. तिला नवा आणि यांना जुना, ही चैन त्यांच्या दुकानाला झेपणारी नव्हती.

“मग घ्या की! घोडं अडलंय कुठे?” मी विचारलं.

“वहिनी, त्याची रिंग उलटी फिरते.”

“म्हणजे?”

“माणूस जवळ आणायचा तर मी झूमची रिंग डावीकडे फिरवतो. याच्यात डावीकडे फिरवली की माणूस लांब जातो.”

“मग उजवीकडे फिरवा. माझ्या बहिणीने घर बदललं तेव्हा दिव्यांची बटणं सगळी उलट्या भिंतीला. थोडे दिवस चाचपडली, झाली सवय.”

“दिवा पळून जात नाही, वहिनी.”

 

दुकानदाराने दोन्ही नवे कॅमेरे चार दिवस वापरून बघायला दिले. मग माझी वरात निघाली. जिन्यापासून त्यांच्या दारापर्यंत चालत यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं कुणी पाहिलं नव्हतं. व्हिडिओबाईच्या हातातला कॅमेरा थरथरत होता, पण पडद्यावर मी अशी संथ चालत होते जशी कुठली राणी. ती ते बघून लहान मुलीसारखी हसली. यांच्या फोटोत मात्र मी दाराशी पोचले की एकदम जिन्याइतकी लांब.

“बारीक दिसतेय, हेच ठेवा,” मी म्हटलं. ते हसले नाहीत.

त्याच चार दिवसांत नाचाच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. दर वर्षीचं काम. व्हिडिओ हलला म्हणून क्लासच्या बाईंनी मागच्या खेपेलाच नाक मुरडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साखर मागायच्या निमित्ताने दुकानात. घरात डबा भरलेला होता, पण कळायला नको? दोघं कॉम्प्युटरपुढे बसलेली. व्हिडिओ बघून मी तोंडात बोट घातलं. ती मुलींच्या मधून फिरली होती आणि चित्र कुठे म्हणून डचमळलं नव्हतं. मग फोटो. सगळ्यात धाकटी मुलगी शेवटी उंच उडी मारते, त्या एका क्षणासाठी तिची आई वर्षभर थांबलेली. फोटोत अख्खं स्टेज, दोन्ही पडदे, कोपऱ्यातला झाडू, आणि मधोमध मुंगीएवढी ती मुलगी. सवयीने हात डावीकडे गेला होता.

“कापून मोठा करता येईल,” ते म्हणाले.

“मुलीचं तोंड दिसणार नाही. कॅमेरे परत करायचे,” ती म्हणाली.

“घ्यायचे.”

“अहो, तुमचा हात बिघडला तर दुकान बसलं.”

“आणि तुझा?”

“माझा बिघडणारच आहे. त्याला कॅमेरा काय करणार?”

“होईल तेवढं तर करेल.”

“तेवढ्यासाठी तुम्ही वीस वर्षांचा हात टाकून देणार?”

ते माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, तुम्हीच सांगा काय करायचं ते.”

या इमारतीत कुणी कुठल्या रंगाचे पडदे लावावेत इथपासून कुणी कुणाशी लग्न करावं इथपर्यंत मला मत असतं, आणि ते न विचारता मिळतं. त्या सकाळी विचारलं, तर मी आणलेली रिकामी वाटी उचलली.

“माझी साखर राहू दे,” एवढं बोलून मी जिना चढले.

त्यांनी कॅमेरे बदलायचं ठरवलं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण दुकानदाराकडे बरोबर गेली. मीही गेले, धीर द्यायला म्हणून. काउंटरपाशी उभे राहून त्यांनी न बघता हात मागे केला. पिशवीतून एकेक लेन्स काढून ती त्यांच्या हातात ठेवत गेली, ते एकेक दुकानदारापुढे ठेवत गेले. शेवटच्या लेन्सचं झाकण तिच्या बोटांत खडखडत राहिलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हात तसाच धरून उभे राहिले, ती लेन्स हातात येईपर्यंत.

आता रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की आमच्या दारावर टकटक. “वहिनी, जरा चालता का?” ते सराव करतात. नव्या रिंगवर त्यांनी बाणाची चिठ्ठी चिकटवलीय, पण डोळा कॅमेऱ्याला लावल्यावर चिठ्ठी कुणाला दिसणार? दहातले पाच-सहा फोटो बरोबर येतात. क्लासच्या बाईंनी पुढच्या कार्यक्रमाचं अजून काही कळवलेलं नाही.

काल तिनेही कॅमेरा घेतला. मी चालून आले आणि आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. मधे मी ठीक होते. पण चित्राच्या चारी कोपऱ्यांत जिन्याचा कठडा हिंदकळत होता, पाण्यात बुडवल्यासारखा. कॅमेऱ्यालाही आता पेलत नव्हतं. तिने पाहिलं. त्यांनी पाहिलं. चष्मा काढून ते उगीचच पुसायला लागले.

“काय हो हा कठडा!” मी म्हटलं. “मी चालले की इमारत हादरते, किती वेळा सांगितलंय आमच्या ह्यांनी!”

ती हसली. कॅमेरा पुन्हा उचलून दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.

“ताई, परत एकदा चला. जरा हळू.”

मी जिन्यापाशी गेले, वळले, आणि जमेल तितकी हळू चालत आले.